बंपर ओढू नका, ब्रॅकेट काढा

१९६६ च्या फियाट अकराशेचा पुढचा बंपर मी बसवला, तेव्हा तो अगदी सरळ दिसत होता. दोन महिन्यांत डाव्या बोल्टाच्या भोकाभोवती क्रोमला केसासारख्या चिरा गेल्या, मग पापुद्राच सुटला. दुसऱ्यांदा क्रोमचे पैसे भरताना रडू यायचं बाकी होतं.

बंपर बॉडीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीचं, म्हणजे ब्रॅकेटचं, भोक जेमतेम एक सेंटिमीटर बाजूला होतं आणि मी नट आवळून बंपर जागेवर ओढून घेतला. शिकत होतो त्या गॅरेजात सगळे तेच करायचे. ‘आवळला की बसतो’ म्हणणारा उस्ताद कितीही जुना असो, त्याचं ऐकू नका. आवळून बंपर बसतो खरा, पण कायम ताणात राहतो. पोलाद तेवढं सोसतं. क्रोमचा थर ठिसूळ, तो तडकतो. चिरेतून पाणी शिरतं आणि गंज आतून धरतो. म्हणून सगळे बोल्ट पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी आट्यांवर चढले पाहिजेत. एकही अडला, तर ब्रॅकेट काढा. थोडासाच अडला, तरी काढा.

मात्र लगेच हातोडा उचलू नका. या गाडीला वेगळी चॅसी नाही, सांगाडा आणि बॉडी एकच. जुन्या धडकेत पुढची बीमच सरकलेली असू शकते. मडगार्डावरून माप घेऊ नका, रंगाखाली किती पुट्टी आहे कुणास ठाऊक. गाडी सपाट जागी उभी करून खालच्या मूळ भोकांतून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण जुळले, तरच ब्रॅकेटकडे वळा.

चांगल्या बाजूचा पुठ्ठ्याचा नमुना कापून उलटा धरा. ब्रॅकेट व्हाइसमध्ये पकडून लांब पाइपाने थंडच वाकवा, किंचित जास्त, कारण ते थोडं परत येतं. गॅसने लाल करायची घाई मला मुळीच पटत नाही. करावंच लागलं, तर पाण्यात बुडवू नका, आपोआप निवू द्या. नंतर वाकाच्या जागी रॉकेल लावून पुसा आणि वर खडू चोळा. तडा असेल, तर ओली रेघ उमटते.

मला पहिल्या जोडीला दोन रविवार लागले. तुम्हाला तीन लागले, तरी काही बिघडत नाही. वाकवून झाल्यावर उरलेला दोन-तीन मिलिमीटरचा फरक वॉशरच्या पॅकिंगने खुशाल भरून काढा, त्यात कमीपणा नाही. बंपर क्रोमला मात्र हे सगळं जुळल्यावरच पाठवा, आणि ब्रॅकेट रंगवण्याआधी डाव्या-उजव्यावर पंचाने खूण करून ठेवा.