‘जोलीन’ गिटारवर बसवताना: मूळ चाल आणि तिची नवी रूपं

अमेरिकन कंट्री गायिका डॉली पार्टनचं ‘जोलीन’ १९७३ साली आलं. त्यात एक बाई जोलीन नावाच्या दुसरीला विनवते, की माझा माणूस हिरावून नेऊ नकोस. गाणं पावणेतीन मिनिटांच्या आतच संपतं, त्यात कॉर्ड जेमतेम चार, तरी बसवायला घेतलं की बहुतेकांचा अंगठा अडखळतो. या गाण्याचा जीव त्या अंगठ्यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, चौथ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या चौथ्या घरात) लावा, घराच्या पुढच्या धातूच्या पट्टीला अगदी खेटून. मागे राहिला तर तारा झणझणतात. कॅपो लावल्यावर पुन्हा ट्यून करा, कारण दाबामुळे सूर किंचित चढतो. आता ए मायनरचा आकार धरला की वाजतो सी शार्प मायनर, म्हणजे आपल्या पेटीवरचा काळी एकचा सा. ध्रुवपदात नायिका जोलीनचं नाव चार वेळा घेते आणि प्रत्येक नावाला कॉर्ड बदलते: ए मायनर, सी, जी, परत ए मायनर. पुढच्या विनवणीच्या ओळीला जी, ई मायनर, ए मायनर. कडव्यांनाही हाच क्रम चालतो.

उजव्या हाताचं सोपं रूप असं: अंगठा प्रत्येक ठोक्यावर. ए मायनर आणि सीला पाचवी-चौथी तार आळीपाळीने, जी आणि ई मायनरला सहावी-चौथी. तर्जनी दुसऱ्या तारेवर, मधलं बोट पहिल्या तारेवर, दोन्ही ठोक्यांच्या मधल्या जागेत. आधी फक्त अंगठा, मेट्रोनोम ७० वर. कॉर्ड बदलताना तो थांबत नाही असं झालं की बोटं मिसळा आणि हळूहळू ११० च्या आसपास या. घाईने थेट ११० वर गेलात तर जीकडे जाताना सहावी तार हमखास हुकते. गाताना अंगठा आवाजामागे धावू लागला, तर शब्द सोडून नुसतं गुणगुणा.

पुरुषांना हा सूर बहुधा चढा पडतो. कॅपो काढला की सा पांढरी सहावर येतो, बोटं तीच राहतात.

आता स्वतःचं रूप करायचं असेल तर आधीची ऐका. व्हाइट स्ट्राइप्स या रॉक बँडमध्ये जॅक व्हाइटने शब्द न बदलता, बाईचीच विनवणी पुरुषाच्या आवाजात गायली आणि गिटार विजेची घेतली. पेंटॅटॉनिक्स या नुसत्या गळ्यांनी गाणाऱ्या गटाने २०१६ मध्ये खुद्द डॉलीला सोबत घेऊन वाद्यंच काढून टाकली. त्या अंगठ्याचं काम गळ्यांनी केलं. बियॉन्सेने २०२४ मध्ये शब्द फिरवले, विनवणीचा इशारा झाला. तिन्ही उभी राहतात, कारण प्रत्येकाने काय बदलायचं ते ठामपणे ठरवलं होतं. नुसता वेग वाढवून ड्रम घातले की विनवणीतली अगतिकताच निघून जाते.

संथ रूप हवं असेल तर ४५ फेऱ्यांची तबकडी ३३⅓ वर वाजवल्यासारखं मूळ गाणं ऐकून पाहा: ७४ टक्के वेग, म्हणजे ठोके सुमारे ८२ आणि सूर पाच अर्धस्वरांहून थोडा जास्तच खाली. आवाज एखाद्या पुरुषाचा वाटतो आणि दुःख जास्त जड होतं. त्या वेगाला अंगठा हलका ठेवा, नाहीतर प्रत्येक ठोका कानावर आदळतो.

ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करणार असाल तर मूळचा ट्रॅक खाली वापरू नका, त्याचा हक्क गाण्याच्या हक्काहून वेगळा असतो. शब्द बदलायचे तर हक्कधारकाची परवानगी आधी घ्या.