सेखमेटची मूर्ती फोटोत नीट बघायची कशी

इजिप्तच्या सिंहमुखी सेखमेट देवीचा फोटो समोर आला की आपण तोंड बघतो, भारी आहे म्हणतो आणि पुढं सरकतो. असं करू नका. कोल्हापूरच्या माणसाला मूर्ती बघायची सवय आहे, म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र बघून अंबाबाई ओळखणारी माणसं आपण, तीच नजर इथं लावायची.

आधी ब्रिटिश म्युझियमच्या साईटवर जाऊन सेखमेट सर्च करा, फोटो फुकटात मोठा करून बघता येतो. पहिल्यांदा बसलेली मूर्ती घ्या. डोक्यावर सूर्याची तबकडी असते, कपाळावर फणा काढलेला नाग. कधी कधी तबकडी तुटून गेलेली असते, नुसता खालचा तुकडा राहतो, तेवढा शोधा. मग हात बघा. मांडीवरच्या एका हातात अंख असतो, म्हणजे वर कडी असलेला क्रॉससारखा आकार, जीवनाची खूण. उभ्या मूर्तीच्या हातात पपायरसच्या (नाईलकाठच्या लव्हाळ्यासारख्या वनस्पतीच्या) देठाचा दंड असतो. ही रोगराई पाठवणारी देवी आणि बरं करणारी पण तीच, तिचे पुजारी वैद्यकी करायचे, म्हणून हातातला तो अंख घाईत सोडू नका.

आता खरी मजा. पायांच्या दोन्ही बाजूला आसनाच्या पुढच्या भागावर झूम करा, मजकूर कोरलेला असेल तर (सगळ्यांवर नसतो) लंबगोल चौकटीत राजाचं नाव मिळेल. गोल सूर्य, डोक्यावर पीस असलेली बसलेली मात देवी (सत्याची देवी) आणि टोपली ही तीन चिन्हं दिसली की समजायचं नेबमात्रे, म्हणजेच तिसरा आमेनहोतेप, इ.स.पू. १४ वं शतक. सूर्य देव असल्यामुळं मान म्हणून तो आधी लिहितात पण त्याचं नाव 'रे' वाचायचं शेवटी. ओळ कुठनं वाचायची? पक्षी-प्राण्यांची तोंडं ज्या बाजूला वळलेली, तिथनं सुरुवात. ह्याच राजानं अशा शेकडो मूर्ती थेब्समध्ये (आजचं इजिप्तमधलं लक्सर) घडवून घेतल्या, एकट्या इटलीतल्या तुरिनच्या म्युझियममध्ये २१ आहेत.

दगड ग्रॅनोडायोराइट, म्हणजे ग्रॅनाइटसारखाच, दक्षिण इजिप्तमधल्या अस्वानचा, लई कठीण, आणि तेव्हा लोखंडाची छिन्नी नव्हती, दगडाच्या गोट्यानं ठेचून आणि वाळूनं घासून काम चालायचं. त्यामुळं हात आणि अंग, पिंढऱ्या आणि आसन यांच्यामधला दगड काढलेला नसतो, तसाच ठेवतात, ते मुद्दाम बघा.

शेवटी बाजूचे आणि पाठीचे फोटो उघडा, हे बहुतेक जण करत नाहीत. अंबाबाईच्या मागं दगडाचा सिंह आहे पण समोरनं दिसत नाही ना, तसंच इथंही पाठीमागचं बांधकाम समोरनं कळत नाही. बाजूनं बघितलं की आयाळ केसांच्या टोपात कशी मिसळवलीय ते कळतं. तोच बाजूचा फोटो घेऊन पेन्सिलनं स्केच करा, आयाळ जिथं खांद्याला टेकते तिथनं सुरू करा, कपाळावरचा नाग सगळ्यात शेवटी.