फायबर घरात येण्याआधी: तयारीची यादी

फायबरचा, म्हणजे काचेच्या तंतूतून येणाऱ्या इंटरनेटचा, प्लॅन कोणता घ्यायचा हे ठरवायच्या आधी कागद-पेन घेऊन घरभर एक फेरी मारा. कोण कुठे बसून काम करतं, टीव्ही कुठे आहे, कुठल्या खोलीत गेलं की फोनवरचं बोलणं तुटतं, हे लिहून काढा. या कागदावरून एकच गोष्ट ठरवायची आहे: ओएनटी कुठे बसवायचा. काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचा विजेचा सिग्नल करणारा छोटा डबा म्हणजे ओएनटी. बहुतेक वेळा वायफाय राउटरही त्याच डब्यात असतो, त्यामुळे डबा जिथे लागेल तिथूनच घरभर वायफाय पसरतं. बाकी सगळं नंतर बदलता येतं. ही जागा बदलायची म्हटली तर पुन्हा माणूस बोलवा, पुन्हा भोक, पुन्हा वायर.

आमच्याकडे जोडणी झाली तेव्हा मी घरी नव्हतो. वायर दारातून आत आली आणि डबा दारामागेच लागला. काम करणाऱ्याची चूक नव्हती, त्याला कुणी दुसरी जागा दाखवलीच नव्हती. आईची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला. तिचे व्हिडिओ कॉल दोन भिंतींपलीकडे अडकत राहिले आणि प्लॅन वाढवूनही फरक पडला नाही. म्हणून जागेचं इतकं सांगतो आहे.

जागा शक्यतो घराच्या मध्याजवळची, कमरेच्या वर आणि मोकळी असावी. लोखंडी कपाट, फ्रिजची पाठ, आरशामागची भिंत नको, धातू वायफाय अडवतो. बंद कपाटात डबा तापतो. शेजारी प्लगच्या दोन जागा हव्यात, नसतील तर वायरमनला आधीच बोलवून पॉइंट काढून घ्या. मधली जागा दारापासून फार लांब असेल तर दोन वाटा आहेत: फायबरच आतपर्यंत ओढायची, किंवा ओएनटी दाराशी ठेवून तिथून लॅन केबलने (इंटरनेटची तांब्याची वायर) मधे वेगळा राउटर बसवायचा. भिंतीतून जुना पाइप गेलेला असेल तर मी पहिली वाट धरीन, कारण निव्वळ काचेच्या तंतूवर शेजारच्या विजेच्या तारांचा परिणाम होत नाही. लॅन केबल मात्र विजेच्या तारांच्या पाइपात घालू नये. पाइप मोकळा आहे ना, हे आदल्या दिवशी दोरी ओढून बघा. पाइप तुंबलेला निघाला तर वायर भिंतीवरच्या उघड्या पट्टीतून कुठल्या कडेने न्यायची तेही ठरवून ठेवा.

तंतू वळतो, पण त्याला घडी चालत नाही. घरात वापरायची वळणाला टिकणारी फायबर 10 मिलिमीटर त्रिज्येचं, काही प्रकारांत 7.5 मिलिमीटरचंही वळण सोसते. त्याहून आवळली की प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. दाराच्या फटीत चेपली जाईल, खिळ्याखाली दाबली जाईल किंवा सोफ्याच्या पायाखाली येईल असा मार्ग टाळा. डब्याजवळ मीटर-दोन मीटर जास्तीची वायर सैल गुंडाळी करून ठेवायला सांगा.

भाड्याचं घर किंवा मोठी इमारत असेल तर भोक पाडण्याची आणि जिन्यातून वायर आणण्याची परवानगी लेखी घ्या. हे काम तारीख ठरवण्याआधीचं.

आता लँडलाइन. यावर नीट थांबा, विशेषतः घरात वयस्कर माणूस एकटं राहत असेल तर. जुन्या तांब्याच्या तारेतून फोनला वीजही टेलिफोन केंद्राकडूनच यायची, म्हणून घरात अंधार झाला तरी साधा फोन चालायचा. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. दिवे गेले की ओएनटी बंद आणि त्यावरचा फोनही बंद. त्या लाइनवर आपत्कालीन बटण, धोक्याची घंटा किंवा लिफ्टचा फोन असेल तर तो नव्या जोडणीवर चालेल का, हे संबंधितांना आधी विचारा. ओएनटीसाठी छोटा बॅटरी बॅकअप घ्या. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. बरेच डबे 12 व्होल्टवर चालतात, पण आपला कितीचा आहे ते बघा. राउटर वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा. नंबर तोच ठेवायचा असेल तर तो नव्या जोडणीवर नेता येतो का ते विचारून तसा अर्ज आधी करा. जुनी लाइन आधी बंद केली तर नंबर हातचा जाऊ शकतो.

जुन्या कंपनीने दिलेला ईमेल पत्ता वापरत असाल तर बँक आणि इतर ठिकाणी दुसरा पत्ता आतापासूनच द्यायला लागा. याला वाटतो त्याहून जास्त वेळ लागतो.

जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड अक्षर न अक्षर लिहून घ्या. नव्या राउटरला सुरक्षेच्या त्याच प्रकारासह तीच जोडी दिली की फोन, टीव्ही, प्रिंटर बहुधा आपोआप जोडले जातात. घरचा कॅमेरा किंवा संगणक बाहेरून थेट पत्त्यावर उघडत असाल तर नव्या जोडणीत स्वतंत्र सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा फक्त आपल्या घराचा पत्ता, मिळतो का ते विचारा. अनेक घरांना एकच सामाईक पत्ता असेल तर असं थेट जोडणं चालत नाही.

वेगाबद्दल थोडक्यात. जाहिरातीतले एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, त्याला 8 ने भागा: 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 12.5 मेगाबाइट. अपलोड, म्हणजे घरातून बाहेर जाणारा वेग, किती आहे ते वेगळं विचारा, व्हिडिओ कॉलला तोही लागतो. घरातली जुनी लॅन केबलही तपासा. तिच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या असतील तर वेग 100 वरच अडतो, मग बाहेरून कितीही येवो.

जोडणीच्या दिवशी ठरलेल्या जागी भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवा, तिथलं सामान हलवा आणि जागा माहीत असलेलं माणूस घरी असू द्या. लहान मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा. तंतूचे कापलेले तुकडे जेमतेम 0.125 मिलिमीटर जाडीचे असतात, दिसत नाहीत आणि कातडीत रुततात. ते चिकटपट्टीने टिपून घ्या. तंतूच्या टोकात डोकावू नका, आतला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही. हिरव्या टोकाची जोडणी निळ्यात घालू देऊ नका. हिरव्याचं टोक आठ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याशी ते नीट टेकत नाही.

तंत्रज्ञ निघण्याआधी प्रकाशाची ताकद मोजायला सांगा आणि आकड्याचा फोटो काढा. नेहमीच्या जीपॉन जोडणीत (घरगुती फायबरचा एक रुळलेला प्रकार) हा आकडा उणे 8 आणि उणे 27 डीबीएम यांच्या मधे असावा. डीबीएम हे ताकदीचं माप, आकडा जितका जास्त उणे तितका प्रकाश कमजोर. तो उणे 27 ला टेकलेला असेल तर जोड पुन्हा करून मागा. पुढे कधी वेग पडला तर हाच फोटो कामी येतो. ओएनटीवर एलओएसचा (सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा लागला की प्रकाश घरापर्यंत पोचत नाही एवढं ओळखा, राउटर बंद-चालू करत बसू नका, तक्रार नोंदवा.

जुनं कनेक्शन त्याच दिवशी तोडू नका. दोन आठवडे दोन्ही ठेवा आणि प्रत्येक खोलीत, प्रत्येकाच्या कामाच्या वेळी नवं वापरून बघा. मग जुन्या कराराची मुदत बघून लेखी कळवा, मोडेम परत करा आणि तो मिळाल्याची पावती घ्या.