आवडी जुळत नसताना अ‍ॅम्बियंट अल्बम एकत्र कसे ऐकावेत

अ‍ॅम्बियंट म्हणजे ठेका आणि चालीपेक्षा नादाच्या वातावरणावर भर देणारे, बहुधा इलेक्ट्रॉनिक संगीत. लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरात इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्या चार-पाच जणांचा गट जमला, तरी त्यांच्या आवडी जुळतातच असे नाही. एकाला ठेक्याविना संगीत अपुरे वाटते, दुसऱ्याला ठेका आला की रंगाचा बेरंग झाल्यासारखे वाटते, आणि तिसरा मुळात शास्त्रीय गाण्याचा श्रोता असतो. अशा गटाने एकमत करण्याच्या खटपटीत पडू नये. आपला मतभेद नेमका कशाबद्दल आहे हे कळेल, अशा रीतीने ऐकण्याची मांडणी करावी.

सुरुवात खोलीपासून करावी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कूलर चालू असतो, आणि त्याच्या घरघरीत हळू आवाजाचे अ‍ॅम्बियंट संगीत अक्षरशः बुडून जाते; ‘यात काही घडतच नाही’ ही तक्रार पुष्कळदा अल्बमपेक्षा कूलरची असते. त्यामुळे अशा बैठका दिवाळीनंतर, पंखाही बंद ठेवता येईल अशा दिवसांत घ्याव्यात. उन्हाळ्यातच घ्यायच्या असतील, तर रात्री उशिरा गच्चीवर बसावे आणि लग्नसराईच्या तिथी आधी पाहून ठेवाव्यात. मोबाइलच्या स्पीकरवर मंद्र स्वर जवळजवळ ऐकूच येत नसल्याने बरा स्पीकर किंवा हेडफोन आवश्यक आहे. अल्बम आधी डाउनलोड करून फोन फ्लाइट मोडवर टाकावा, शफल बंद करावे, आणि दोन तुकडे एकमेकांत मिसळणारी क्रॉसफेडची सोयही बंद ठेवावी. दोन अल्बमांची तुलना करायची असेल तर दोन्हींचा आवाज कानाला सारखा लागेल असा लावावा, कारण किंचित मोठ्याने वाजणारे संगीत आपल्याला उगाचच अधिक चांगले वाटते.

आता निवड. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ (१९७८) हा या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध अल्बम असला, तरी मतभेद असलेल्या गटाने त्यापासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. लक्ष दिले तरी चालावे आणि न दिले तरी चालावे, या हेतूनेच तो रचलेला आहे. त्यातल्या दुसऱ्या तुकड्यात गायिकांचे लांबवलेले स्वर वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या फेऱ्यांवर फिरत राहतात, त्यामुळे त्यांची जुळणी सतत बदलते. अशा संगीतासमोर पाच जणांनी परीक्षकासारखे गोल करून बसणे हीच चुकीची कसोटी ठरते. तो स्वयंपाक करताना किंवा गप्पा मारताना लावावा, आणि मत दुसऱ्या दिवशी विचारावे.

शास्त्रीय गाणे ऐकणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. ठेक्याविना चाललेला दीर्घ नाद ऐकताना त्याला तंबोरा जुळवून ठेवल्यासारखे वाटते आणि तो नकळत गायकाची वाट पाहू लागतो. येथे गायक येणार नाही, हे कळले की त्याची निम्मी अस्वस्थता जाते. उरलेली अस्वस्थता मात्र खरी असू शकते, तिला अज्ञान समजू नये.

अशा श्रोत्यासाठी आणि ठेकाप्रेमींसाठी मिळून चरणजित सिंग यांचा ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम उपयोगी पडतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक असलेल्या सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रे वापरून भैरव, ललित, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही, आणि २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभर त्याची चर्चा झाली. रागाला विस्तारायला जागा मिळत नाही, हा आक्षेप येथे येणारच. तो खोडून न काढता ‘कोणता राग या वेगातही तगला?’ असे विचारावे. माझ्या कानाला भैरव तगतो, मालकंस घाईत सापडतो. हे ज्याला उलटे वाटते त्याच्याशी पुढची चर्चा नेमकी होते.

सर्वांत बोलकी जोडी मात्र ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकार एफेक्स ट्विन यांच्या दोन अल्बमांची आहे. ‘सिलेक्टेड अ‍ॅम्बियंट वर्क्स ८५–९२’ (१९९२) मध्ये ठेका ठळक आहे, तर १९९४ च्या दुसऱ्या खंडात तो बहुतांशी नाहीच. कलाकार एकच असल्याने, वाद त्याच्याबद्दल आहे की ठेक्याबद्दल, याचा निवाडा बऱ्यापैकी होतो. टाळ-पखवाजाच्या भजनात वाढलेल्या कानाला पहिला लगेच आपला वाटेल. दुसरा सुमारे अडीच तासांचा असल्याने त्यातला अर्धा-पाऊण तासच घ्यावा. क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक वाद्यवृंदाचा ‘आउटोबान’ (जर्मनीतला द्रुतगती महामार्ग; १९७४) या बैठकीत न लावता समृद्धी महामार्गावरच्या प्रवासासाठी राखून ठेवावा. त्याचे सुमारे २२ मिनिटांचे शीर्षकगीत गाडीच्या आवाजातही टिकते, जे ईनोंना जमणार नाही.

ऐकून झाल्यावर बोलण्याआधी प्रत्येकाने दोन ओळी लिहाव्यात, नाहीतर पहिल्या मोठ्या आवाजाच्या मताकडे बाकीचे झुकतात. ‘भारी’ आणि ‘बोअर’ हे शब्द वर्ज्य ठेवून लक्ष कोठे सुटले आणि कोठे परत आले, एवढेच नोंदवावे. गुण देऊन सरासरी काढू नये. त्यातून कोणालाच न आवडणारे मधले अल्बम वर येतात. निवडणाऱ्याने आधी अल्बमची तरफदारी करू नये, आणि दोन बैठकांनंतर निवडीची अदलाबदल करावी : ठेका हवा असणाऱ्याने ठेक्याविना अल्बमांतून स्वतःला सर्वांत सुसह्य वाटलेला आणावा, दुसऱ्याने ठेक्याच्या अल्बमांतून तसाच एक आणावा, आणि तोच का, हे या वेळी मात्र अल्बम लावण्याआधी सांगावे.