उघडीप पडलीय तोवर ही कामं उरकून घ्या

राम राम मंडळी. पावसाने दडी मारून आता दोन आठवडे होत आले, दुपारी बाराला सोयाबीन माना टाकतंय, अन जो भेटेल तो एकच विचारतो, दुष्काळ कधी जाहीर होणार. अहो, तो तुमच्या-माझ्या वावराकडे बघून होत नाही, आधी मोजतात ते महसूल मंडळाचं पर्जन्यमापक. पंधरा-वीस गावांमागे एक यंत्र, अन सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांत त्यात जेवढं पडलं तेवढाच पाऊस सरकारदरबारी.

आमचं यंत्र माझ्या शेतापासून 11 किलोमीटरवर आहे. मागच्या ऑगस्टात तिकडं एक सर आली, आकडा लागला 19 मिमी, आमच्याकडं धूळ सुद्धा दबली नाही. झालं, कागदावर खंड तुटला.

2016 च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेत पहिली पायरी पावसाची आहे, त्यात सरासरीच्या तुलनेत तूट बघतात, शिवाय पाऊस सुरू झाल्यावर सलग 3 ते 4 आठवडे तो सरासरीच्या निम्म्याच्या आत राहिला तर तो खंड धरतात. मग पेरणी किती झाली, सॅटेलाइटवरून पीक हिरवं दिसतंय का, जमिनीतली ओल, धरण, भूजल, अन शेवटी 10 टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी. 2023 ला एवढं सगळं होऊन 31 ऑक्टोबरला 40 तालुके जाहीर झाले, 24 गंभीर अन 16 मध्यम. बाकीच्यांनी ओरड केल्यावर मग हजाराच्या आसपास मंडळं दुष्काळसदृश म्हणून घेतली. म्हणजे तोवर सोयाबीन काढून झालं होतं बघा.

म्हणून मी दोन वर्षांपासून पाऊस मोजायला डबा ठेवतो. सरळ बाजूचा कुठलाही डबा चालतो, तळ सपाट पाहिजे, झाडापासून अन पत्र्यापासून लांब मोकळ्यावर ठेवायचा, सकाळी साडेआठला फूटपट्टी घालायची आणि कॅलेंडरवर आकडा लिहायचा. 1 मिमी म्हणजे एकराला 4 हजार लिटर पाणी. सरकार हा आकडा धरत नाही, पण तहसीलला अर्ज देताना तारीखवार कागद हातात असला की बोलणं वेगळं होतं, अन महारेनच्या साइटवर मंडळाचा आकडा रोज टाकतात तो शेजारी लिहून ठेवला तर फरक लगेच दिसतो.

आता पिकाचं. भेगा पडायच्या आत हलकी डवरणी करा, वरची माती मोकळी झाली की खालची ओल टिकते. 13:00:45 हे पाण्यात विरघळणारं खत (पोटॅशियम नायट्रेट) दहा लिटरला 100 ग्रॅम, फवारणी सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर. युरिया कोरड्यात फेकू नका, दुकानदार काहीही म्हणो. विहिरीला थोडं पाणी असेल तर ते फुलोरा अन शेंगा भरायच्या वेळेला राखा, तेही एक आड एक सरी. मघा कोरड्या गेल्या तर वर बघायची वेळ येतेच, पण ओल आहे तोवर हातातलं काम सोडू नका.

कागदाचं काम मात्र आजच. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून आपल्या पिकाची सातबाऱ्यावर नोंद, 1 ऑगस्टपासून असते, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, मुदत वाढते पण त्या भरवशावर राहू नका, शेवटच्या दिवशी सर्व्हर गोल गोल फिरत बसतो. फोटो बांधावरून किंवा घरून नाही, त्या गटात उभं राहूनच काढा. माझ्या चुलतभावाने कपाशी लावली अन पाहणी केलीच नाही, सातबाऱ्यावर पीकपेरा कोरा, पंचनाम्याच्या यादीत नाव शोधत बसला. फार्मर आयडी काढलेला नसेल तर काढा, खातं आधारला जोडलंय का बँकेत जाऊन विचारा. सामाईक खातं असेल तर बाकीच्यांची संमती आत्ताच घेऊन ठेवा, पैसे आले की भाऊबंदकी आठवते.

मदत 33 टक्के किंवा त्याच्यावर नुकसान असेल तरच. केंद्राचे 2022 ते 2026 चे निकष म्हणजे कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, फळबागेला 22,500, तेही 2 हेक्टरपर्यंत. राज्य कधी वाढवून देतं, त्या वर्षीचा जीआर बघायचा. दुष्काळ लागला तर महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषीपंपाच्या चालू बिलात 33.5 टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ हे पण असतं, मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

विम्याचं बदललंय हे बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. एक रुपयावाला विमा खरीप 2025 पासून बंद, आता खरिपाला 2 टक्के, नगदी पिकाला 5 टक्क्यांपर्यंत हप्ता, अन भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे ठरवलेल्या गटातला थोडा तुकडा कापून उत्पन्न मोजतात त्यावर. तेव्हा प्रयोग कोणत्या गटात लागलाय हे कृषी सहाय्यकाला विचारा (पदाचं नाव बदललंय म्हणे, आपल्यासाठी ते सहाय्यकच), अन कापणीच्या दिवशी चार जण तिथं हजर रहा, वजन काट्यावर होताना डोळ्याने बघा. 30 सप्टेंबरला नजरअंदाज पैसेवारी (पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, 50 च्या वर म्हणजे पीक ठीक) निघते, 50 पैशांच्या वर दाखवली अन वावर रिकामं असेल तर गप्प बसायचं नाही, अंतिम पैसेवारी लागायच्या आत ग्रामसभेचा ठराव घेऊन तहसीलला द्यायचा.