बोरवर ड्राइव्ह लावायचाय? पेरणीआधी एवढं बघून घ्या

सोयाबीन निघालं, शेत मोकळं झालं, आता बटाटा-लसूण लावायची घाई आणि मागोमाग गहू, म्हणजे पुढचे चार महिने सगळा जीव बोरच्या मोटरवर. ह्याच दिवसांत इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूर, महू साइडचे आपले लोक विचारायला लागतात की भाऊ, तो व्हीएफडी, म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, लावू का, बिल अर्धं येतं म्हणतात. मी सांवेर रोडच्या कारखान्यात हेच ड्राइव्ह सांभाळतो आणि सिमरोलकडे घरची थोडी शेती आहे, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

आधी बिलाचंच. तुमचं कनेक्शन हॉर्सपॉवरच्या हिशोबाने ठोक बिलाचं असेल तर ड्राइव्हने युनिट वाचले काय नि न वाचले काय, बिल तेवढंच येणार. मीटरवाल्यांना, पॉलीहाऊसवाल्यांना, डेअरीवाल्यांना, नाहीतर डिझेल जनरेटरवर मोटर चालवणाऱ्यांनाच वीज वाचवायचा हिशोब लागू. दुकानदार हे सांगत नाही, त्याला माल विकायचाय.

दुसरं, ते "अर्धी वीज" प्रकरण. पंपाचा नियम असा की स्पीड कमी केला तर पाणी त्याच प्रमाणात कमी होतं, प्रेशर वर्गाच्या हिशोबाने आणि पॉवर घनाच्या हिशोबाने. ड्राइव्ह स्पीड कमी करतो तो विजेची फ्रिक्वेन्सी कमी करून. 50 हर्ट्झचे 40 केले की पाणी 80 टक्के, हेड (म्हणजे प्रेशर, पाणी किती मीटर वर चढतं ते) 64 टक्के, पॉवर 51 टक्के. कागदावर मस्त दिसतं. पण हे खरं उतरतं जिथे पाणी नुसतं पाइपातून ढकलायचंय तिथे, आपल्याकडे तर पाणी खोलातून वर उचलायचं असतं ना! समजा बोरमध्ये पाणी 90 मीटरवर आहे आणि पंपाच्या चार्टवर वॉल्व्ह बंद असतानाचं हेड 130 मीटर दिलंय. 40 हर्ट्झवर ते 130 चं 83 झालं, म्हणजे पाणी वर येणारच नाही, मोटर आत तेच पाणी घुसळत बसणार आणि गरम होणार. ह्या बोरला साडेएकेचाळीस हर्ट्झच्या खाली काहीच हाती लागत नाही, म्हणून ड्राइव्हमध्ये मिनिमम फ्रिक्वेन्सी 43-44 ला बांधून टाकायची. उन्हाळ्यात पाणी अजून खाली गेलं की हा आकडा परत वर न्यायचा. आमच्या मावसभावाने गेल्या वर्षी 35 वर सेट करून ठेवलं, लसणाला दोन दिवस पाणी नाही, आणि हा ड्राइव्ह खराब निघाला म्हणून दुकानात भांडायला गेला.

मग लावायचा कोणी? ड्रिप-स्प्रिंकलरवाल्यांनी नक्की विचार करावा. पाच सेक्शन आहेत, कधी एक चालू कधी तीन, एकच चालू असला की प्रेशर वाढून जोड निसटतात नाहीतर बायपासचा कॉक उघडून पाणी परत टाकीत सोडावं लागतं. इथे ड्राइव्ह आणि प्रेशर सेन्सर असला की सेक्शन कितीही उघडा, प्रेशर तेवढंच राहतं. सेन्सर चार ते वीस मिलिअँपिअर सिग्नलचा घ्या आणि फिल्टरनंतर शेताकडच्या बाजूला बसवा, पंपाकडे नाही, म्हणजे फिल्टर थोडा चोक झाला तरी शेतातलं प्रेशर पडत नाही. उघड्या पाटाने भरणाऱ्याला एवढ्या पैशात चांगला स्टार्टर, ड्राय रन प्रोटेक्शन (पाणी संपलं की मोटर बंद करणारं) आणि वर थोडा पाइप येतो, त्याने तेच करावं.

आता कंपन्या आणि मॉडेल. इंदूरला महाराणी रोडच्या इलेक्ट्रिक बाजारात गेलात की समोर चार डबे ठेवतात आणि विचारतात किती एचपी? एचपी सांगूच नका, मोटरच्या प्लेटवरचे अँपिअर सांगा. सबमर्सिबल त्याच एचपीच्या साध्या मोटरपेक्षा जास्त करंट खाते. साडेसात एचपीची बोरची मोटर 15-16 अँपिअर घेते, आणि 5.5 किलोवॅटचा ड्राइव्ह हेवी ड्यूटीला 13 च्या आसपास देतो. म्हणजे एक साइज वरचाच लागतो, बऱ्याच लोकांचा ड्राइव्ह ओव्हरलोडवर ट्रिप होतो तो ह्याच्यामुळेच. डब्यावर नॉर्मल ड्यूटी आणि हेवी ड्यूटी असे दोन आकडे असतात, नॉर्मलला एक मिनिट 110 टक्के ओव्हरलोड आणि हेवीला 150. पंपाला नॉर्मल चालतं, पण मोटरचे अँपिअर त्या आकड्यात बसले पाहिजेत. वेक्टर कंट्रोल, टॉर्क कंट्रोल असल्या गोष्टी लिफ्ट-क्रेनच्या, पंपाला साधा व्ही बाय एफ (फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात व्होल्टेज) पुरतो, त्याचे जास्त पैसे देऊ नका.

पैसे द्यायचे तर पंपाच्या फंक्शनला द्या. पीआयडी (सेन्सर बघून प्रेशर धरून ठेवणं), स्लीप मोड (पाण्याची गरज नसली की मोटर थांबवणं), ड्राय रन, लाईट आल्यावर आपोआप स्टार्ट. एबीबीचा एसीक्यू580 आणि डॅनफॉसचा एफसी 202 पाण्याच्या कामासाठीच काढलेले, डेल्टाचा सीपी2000 पंखे-पंपांसाठी, आणि डेल्टाचाच एमएस300 छोटा सगळ्या कामाचा डबा आहे. वरचे महाग आहेत भिया, पण सेटिंग सोपं. छोटा घेतलात तर पंपाचे पॅरामीटर पुस्तक बघून एकेक टाकावे लागतात, ते करणारा माणूस जवळ आहे का ते आधी बघा.

दुकानात कोणी बोलत नाही ती गोष्ट केबलची. ड्राइव्ह मोटरला कापून-कापून व्होल्टेज देतो, केबल लांब झाली की मोटरच्या टोकाला व्होल्टेजचे झटके बसतात आणि वाइंडिंग जातं. आपल्याकडच्या पाणी भरलेल्या सबमर्सिबलचं वाइंडिंग तर प्लास्टिक गुंडाळलेल्या तारेचं असतं. 80 मीटर बोरमध्ये आणि 60 मीटर खोलीपर्यंत, अशी केबल असेल तर आउटपुट चोक (ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये लावायची कॉइल) किंवा फिल्टर घ्याच आणि कॅरियर फ्रिक्वेन्सी (व्होल्टेज कापायचा वेग) 2-4 किलोहर्ट्झवर आणा. मोटर थोडी किणकिणते, बोरमध्ये कोण ऐकतंय! अजून एक, सबमर्सिबलचं बेअरिंग पाण्यावर तरंगतं, फार हळू फिरवलं तर घासतं, म्हणून शून्यापासून 30 हर्ट्झ एका सेकंदात गाठायचे. तिथून पुढे सावकाश. जमिनीवरच्या मोनोब्लॉक पंपाला मात्र आठ-दहा सेकंदांचं स्टार्ट-स्टॉप ठेवा, नाहीतर बंद होताना पाइपात धडाम होतं.

सिंगल फेजवाल्यांनो, 230 व्होल्ट इनपुटचा साधा ड्राइव्ह 415 व्होल्ट बनवून देत नाही, 415 ची मोटर त्यावर पूर्ण ताकदीने चालणार नाही. आणि थ्री फेजचा ड्राइव्ह दोन तारांवर चालवायचा तर जवळजवळ दुप्पट साइजचा लागतो, तोही इनपुट फेजचं प्रोटेक्शन बंद करू देत असेल तरच.

पीथमपूरच्या भंगारातून आलेला सेकंडहँड घेताय? वर्षभरापेक्षा जास्त पडून असेल तर एकदम फुल व्होल्टेज देऊ नका, आतले कॅपॅसिटर फुटू शकतात, जाणत्याकडून हळूहळू व्होल्टेज चढवून घ्या. आयपी20 चा (धूळ-पाण्यापासून बचाव नसलेला) डबा उघडा टांगायचा नाही, धूळ सोडा, माझ्याकडे पालीने एक ड्राइव्ह उडवलाय. बंद पॅनेलमध्ये टाका, पण फॅन-फिल्टर लावून, नाहीतर मे महिन्यात टेंपरेचरवर ट्रिप होत राहील.

जुन्या स्टार्टरचा कॅपॅसिटर मोटरच्या बाजूला असेल तर काढून टाका, ड्राइव्हच्या आउटपुटला कॅपॅसिटर अजिबात चालत नाही. स्टार्टर बायपास म्हणून ठेवायचाय तर चेंजओव्हर स्विच लावा, दोन्ही एकदम जोडले गेले तर ड्राइव्ह तिथल्या तिथे गेला समजा. अर्थिंग नवीन करून घ्या.

आणि ऑटो रिस्टार्ट. डिसेंबर-जानेवारीत पाला (दव गोठवणारी थंडी) पडायच्या रात्री बटाट्याला हलकं पाणी सोडायचं असतं, तेव्हा लाईट जाऊन आली की मोटर आपोआप उठायला हवी, म्हणून चालू ठेवा, पण बोर रिकामा असताना परत परत उठू नये म्हणून ड्राय रननंतरचा टाइम अर्धा तास तरी टाका. आणि पंपाला हात लावायच्या आधी मेन काढून दहा मिनिटं थांबा. डिस्प्ले विझला तरी ड्राइव्हच्या आत साडेपाचशेच्या वर डीसी व्होल्ट काही वेळ तसेच बसलेले असतात.