एसएलपी डिसमिस झाली म्हणजे नेमकं काय झालं?

सुप्रीम कोर्टाचं काम कसं शिकायचं असं कुणी नवीन वकील विचारतं तेव्हा मी आधी हेच सांगते, कुठल्याही जजमेंटखाली "एसएलपी डिसमिस" (एसएलपी म्हणजे स्पेशल लिव्ह पिटिशन, सुप्रीम कोर्टातला अर्ज) दिसलं की तिथेच थांबा आणि मूळ ऑर्डर काढून वाचा. मी थांबले नव्हते.

प्रॅक्टिसचं दुसरं वर्ष, म्हापसा, मुंडकाराची केस, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची. घर पडायला आलेलं, भाटकार, म्हणजे जमीनमालक, दुरुस्ती करू देईना, आणि आमची पक्षकार आजी दर तारखेला मामलेदाराच्या ऑफिसात सगळ्यांच्या आधी येऊन बसायची, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात घरपट्टीच्या जुन्या पावत्या. मला हायकोर्टाचं एक जजमेंट सापडलं, अगदी आमच्या बाजूचं, आणि खाली लिहिलेलं की यावरची एसएलपी डिसमिस झाली. झालं, मी नोटमध्ये लिहून मोकळी की सुप्रीम कोर्टाने हे मत मान्य केलंय, आर्टिकल 141 खाली सगळ्यांना बंधनकारक. समोरच्या वकिलांनी उभं राहून फक्त ती ऑर्डर वाचली. एक ओळ. डिसमिस्ड. कारण नाही, काही नाही. आजी माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

आता हे नीट ऐका, थोडं लांबेल. आर्टिकल 136 खालची एसएलपी म्हणजे अपील नव्हे, अपील करायची परवानगी मागणं. ती नाकारली म्हणजे कोर्ट एवढंच म्हणालं की आम्ही यात हात घालत नाही. हायकोर्ट बरोबर की चूक, यावर ते बोललेलंच नाही. कुन्हायम्मद विरुद्ध केरळ राज्य, 2000, तीन जजांचं बेंच, हे पूर्ण वाचा, नुसती हेडनोट, म्हणजे वरचा सारांश, नको. कारण न देता डिसमिस केली तर कायदा ठरत नाही, मर्जर होत नाही, म्हणजे हायकोर्टाची ऑर्डर सुप्रीम कोर्टाच्या ऑर्डरमध्ये विलीन होत नाही, हायकोर्टात रिव्ह्यूला, म्हणजे फेरविचार मागायला, जाता येतं. कारणं देऊन डिसमिस केली तर त्या कारणांत कायद्याबद्दल जे सांगितलंय ते 141 खाली बांधतं, पण मर्जर तेव्हाही नाही. लिव्ह, म्हणजे ती परवानगी, मिळाली की मात्र चित्र बदलतं, एसएलपीचं अपील होतं आणि मग निकाल हायकोर्टाच्या बाजूने लागला तरी हायकोर्टाची ऑर्डर त्यात विलीन होते. 2019 मध्ये खोडे डिस्टिलरीजच्या निकालात हेच परत सांगितलंय.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. गोंयकाराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारसाहक्कालाही पोर्तुगीज सिव्हिल कोडच लागू, हा 2019 चा जुझे पावलो कुतिन्यो निकाल सिव्हिल अपीलमधला, कारणांसकट, तो बिनधास्त दाखवा. गोव्यातल्या खाणींचा 2014 चा निकाल तर रिट पिटिशनमधला, म्हणजे थेट सुप्रीम कोर्टात केलेल्या अर्जातला, ते दारच वेगळं. म्हणून जजमेंट हातात आलं की पहिल्या पानावर केसचा प्रकार बघायचा, मग पुढचं.

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एका ओळीत "सुप्रीम कोर्ट म्हणालं" असं फिरतं ना, त्यावर विसंबून कोर्टात उभं राहू नका, स्पष्ट सांगते. मोठ्या नावाच्या सिनियरच्या मागे बॅग घेऊन फिरण्यापेक्षा जो तुमच्या हातात फाइल देऊन ऑर्डरशीट वाचायला लावतो तो माणूस शोधा, मग तो पणजीत बसो की फोंड्यात. घटनापीठाच्या सुनावण्या सप्टेंबर 2022 पासून लाइव्ह दिसतात, घरी बसून बघा, जज काय विचारतात ते लिहून काढा. दिल्लीला जाऊन एओआर (अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड, सुप्रीम कोर्टात केस दाखल करू शकणारे वकील) व्हायचंय त्यांनी घाई करू नये, 4 वर्षं प्रॅक्टिस, मग 1 वर्ष ट्रेनिंग, मग परीक्षा, वेळ भरपूर आहे. आणि रजिस्ट्रीने, म्हणजे कोर्टाच्या ऑफिसने, फाइलमध्ये डिफेक्ट काढले म्हणून रडायचं नाही, भल्याभल्यांच्या फाइलवर निघतात. एसएलपीचे 90 दिवस मात्र चुकवू नका, तिथे माझं सांत्वन कामाला येणार नाही.

त्या दिवशी संध्याकाळी सरांपुढे नोट ठेवली. वाटलं आता संपलं सगळं. त्यांनी पेनने एकच वाक्य खोडलं, सुप्रीम कोर्टाचं, आणि म्हणाले, "अगो, हायकोर्टाचं जजमेंट मामलेदाराला असंही बांधतंच, त्याला दिल्लीचा टेकू कशाला लावलास?" पुढच्या तारखेला तेच जजमेंट मी परत दिलं, ती ओळ काढून, आणि ते रेकॉर्डवर घेतलं गेलं.